वडगावात, मागांच्या खोलीत

माग विकले, तेव्हा खोली मोकळी झाली.
फरशीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली,
चार मागांची सोळा.
बेंगळूरहून मंजूनं पाठवलेलं होम थिएटर
मी त्या भोकांच्या मधेच उघडलं.

पुस्तिकेत चित्र असतं :
मधोमध एक माणूस, त्याच्याभोवती गोल,
गोलावर पाच खोके.
मागचे दोन एकशे दहा अंशांवर.
चित्रातल्या माणसाला बायको नसते,
भिंतीला दार नसतं, देव्हारा नसतो,
आणि त्याचे दोन्ही कान चालू असतात.

मोजपट्टी लावली, खडूनं खुणा केल्या.
ड्रिल मारलं तशी लाल माती पडली,
आणि मातीत अडकलेली सुताची तुसं.
खडेबाजारातल्या दुकानात मी हे रोज समजावतो :
आवाजाला दिशा असते, साहेब.

नारायण लोकरी सोफ्यावर डावीकडं बसले,
शेवंताकाकू उजवीकडं,
मध्ये भाजक्या शेंगांची ताटली.
चाचणीचा आवाज सोडला : शूऽऽऽ
पुढं डावा. मधला. पुढं उजवा.
मागं उजवा.
"बंद पडलं," काकू म्हणाल्या.
"चालू हाय की," काका म्हणाले.
मागं डावा.
"आत्ता बंद पडलं."
"चालू हाय की वो!"

वायरी तपासल्या. परत तपासल्या.
मग स्टुलावर चढलो असताना वरून दिसलं,
सोफ्याच्या दोन्ही अंगांना
आठ आठ भोकं.

डाव्या भिंतीला काकांचे दोन माग,
उजव्या भिंतीला काकूंचे,
मध्ये माणूस जाईल एवढी बोळ.
चाळीस वर्षांत मागांनी
भिंतीकडचा एकेक कान खाल्ला,
बोळीकडचा सोडला.
त्या कानावर यांनी संसार केला :
तार तुटली, वीज गेली, मंजूला ताप हाय,
सगळं त्या बोळीतून.

मी म्हटलं, सोपं आहे, जागा बदला.
बदलल्या.
चांगले कान बाहेरच्या अंगाला आले,
सिनेमातली जीप सोफ्याला वळसा घालून गेली,
काका लहान पोरासारखे मान फिरवून बघत राहिले.
काकू काहीतरी बोलल्या.
काकांना पत्ता नाही.
काकू परत बोलल्या.
मग त्या उठल्या, पदर खोचला
आणि ताटलीसकट आपल्या जुन्या बाजूला आल्या.
"सरका तिकडं," एवढंच.

तेव्हा मी भिंतीवरचे खोके उतरवले,
सोफ्यामागं स्टूल ठेवलं, दोघांच्या मधोमध,
वर दोन्ही खोके, पाठीला पाठ लावून.
रिमोटवर मेनूत शिरलो :
आता काकांच्या उजव्या हाताचा खोका
तो डाव्या भिंतीचं बोलणार,
काकूंच्या डाव्या हाताचा
उजव्या भिंतीचं.
पुढच्या दोघांचं सगळं
मधल्याच्या गळ्यात घातलं.
माझ्या उस्तादानं हे बघितलं असतं तर
कानफटात मारली असती.

वूफर देव्हाऱ्याशेजारी बसेना, कोपऱ्यात घुमला,
एका भोकावर सरकवला तसा निवळला.
काकांनी पाय खाली घेतले, तळवे टेकले.
"तीन नंबर," ते म्हणाले.
"तीन नंबर न्हवं," काकू म्हणाल्या, "माझा चार."
यावर त्यांचं बराच वेळ चाललं,
जीप केव्हाच दरीत कोसळली होती.

मंजूचा व्हिडिओ कॉल आला.
"अंकल, सराउंड मागं का नाही लावला भिंतीला?
मॅन्युअल वाचलं नाही काय?"
मी म्हटलं, वाचलं.
फोन काकांकडं दिला,
त्यांनी तो उजव्या कानाला लावला,
काकू त्याच बाजूनं डावा कान घेऊन वाकल्या.

भिंतींना चार भोकं माझीही राहिली,
त्यांचे पैसे लावले नाहीत.
खोके जवळ आल्यानं अठरा मीटर वायर उरली.
गुंडाळी करून पिशवीत घालत होतो,
तर काकू म्हणाल्या, "ठेव जा की ती.
परड्यात कपडे वाळत घालायला होतंय."